चारशे सतरावी रेकॉर्ड

चष्मा मोडला तो सोमवारी सकाळी, आणि तोही तिच्याच पायाखाली. लोखंडी रॅकच्या वरच्या फळीवरून खोका ओढताना तो नाकावरून घसरला, खाली पडला, आणि बाईसाहेबांनी नेमका त्यावरच पाय दिला. हाताशी जो कागद आला त्यात ते दोन तुकडे गुंडाळून ती समोरच्या फुटपाथवरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

दुकानात एकटाच माणूस होता. तिशीचा असेल. बाह्या दुमडलेल्या, आणि स्वतःच्या चष्म्याच्या काचा मात्र बोटांच्या ठशांनी भरलेल्या. त्यानं पुडी उघडली, चष्मा बाजूला ठेवला आणि कागदच सरळ करत बसला.

"हे... कुठून आणलंत?"

"नाकावरून."

"चष्मा नाही हो. कागद."

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. फिकट हिरवा कागद, मधोमध गोल खिडकी, कोपऱ्यात एक आकडा. रेकॉर्डच्या आतलं कव्हर ते.

"आमच्या ऑफिसातलं आहे. तिसऱ्या मजल्यावर खोली भरून पडलंय असलं. शनिवारी सगळं मशीनमध्ये घालून भुगा करणार आहेत."

चष्मेवाल्यानं टेबलाची कड धरली. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "चारशे सतरा आहे का हो तुमच्याकडे?"

तिला वाटलं, गेला बिचारा. सकाळपासून उपाशी असेल.

आता खरं सांगायचं तर त्या खोलीत काय आहे, हे तिलाही धड ठाऊक नव्हतं. ती जाहिरातपट काढणाऱ्या कंपनीत कारकून होती. कंपनीनं पूर्वी कधीतरी दुसरी एक कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर ही खोली पदरात पडली. दीड हजार रेकॉर्डी. कव्हरांवर ना चित्र, ना गाणाऱ्याचं नाव. नुसता नंबर, आणि मागे तुकड्यांची यादी. साहेबांनी तिला सांगितलं होतं, "हक्क बाहेरच्या कंपनीला गेलेत. करारात लिहिलंय, सगळं नष्ट करायचं. प्रत्येक रेकॉर्डचा नंबर लिहून काढ, शनिवारी पाचला गाडी येईल." तर ती आपली लिहीत होती.

"ही विकायला काढलेलीच नव्हती," चष्मेवाला सांगत होता. सांगता सांगता दांडीला स्क्रू बसवत होता. "सिनेमावाले, रेडिओवाले, जाहिरातवाले, ज्याला जेवढं लागेल तेवढं कापून घ्यायचं. बातमीपटात पूर आला की पुराचं संगीत. नवीन पंखा बाजारात आला की पंख्याचं. तुम्हीसुद्धा ऐकलंय. टीव्हीवर मधेच चित्र जायचं, आठवतंय? फुलदाणीचं चित्र यायचं, 'थोडा वेळ थांबा'... आणि मागे..."

आणि त्यानं शीळ घातली.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पंचवीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं आणि पहिल्या चार सुरांत सगळं समोर... गार फरशी, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि ती फुलदाणी.

"मी सात वर्षांचा होतो," तो म्हणाला. "गोवर आला होता. घरात पडून टीव्ही बघायचो आणि मनात म्हणायचो, जाऊ दे चित्र, येऊच नये परत. ते अकॉर्डियन संपू नये म्हणून. लाखो लोकांनी ऐकलंय हो ते. आणि वाजवलंय कुणी, एकालाही ठाऊक नाही. अकरा वर्षं शोधतोय. चारशे सतरा, दुसरी बाजू, तिसरा तुकडा. एवढंच कळलंय."

त्यानं चष्मा तिच्या हातात दिला. तिनं डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट दिसला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. एका रेकॉर्डसाठी.

साहेबांकडे तिनं स्वतः जाऊन गळ घातली. साहेब फाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "एक. एकच बाहेर जाईल, आणि मी काही पाहिलं नाही."

---

"एकच," तिनं संध्याकाळी त्याला सांगितलं, "आणि शनिवारी पाचच्या आत शोधायची."

"नंबर लावलेत की. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटं कसली. चारशे सतराचं कव्हर मिळालं, मागच्या यादीत दुसऱ्या बाजूचा तिसरा तुकडा 'वाट पाहणे' हेही होतं, पण आतून निघाली शहाण्णव. शहाण्णवच्या कव्हरातून बाराशे तीन. त्या जुन्या कंपनीतल्या माणसांची खोडच होती म्हणे ती: चालू रेकॉर्ड काढायची, हाताला येईल त्या कव्हरात सारायची आणि पुढची लावायची. वर्षानुवर्षं. कव्हर एकीचं, पोटात दुसरीच. एकेक उघडून बघण्यावाचून इलाज नव्हता. तिलाही यादीसाठी ते करायचंच होतं. म्हणून ठरलं: दुकान बंद करून तो रोज पाचला येईल, दोघं मिळून तपासतील, आणि पाहून झालेल्या कव्हरावर ती पेन्सिलीनं टिक करील.

येताना तो पेटीसारखा छोटा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला होता. म्हणजे कामाचा वेग काय राहणार ते दिसलंच.

"हे बघा, हे बघा. 'कारखाना, उत्साही.' 'समुद्रतळ, गूढ.' 'शंका, पण गंभीर नाही. चाळीस सेकंद.'" यादी वाचताना तो देवळात बोलावं तसा बोलायचा. "काय अफाट माणसं असतील. साहेब सकाळी सांगणार, आज चाळीस सेकंदांची शंका करून द्या. आणि यांनी द्यायची. ऐकायची?"

"पाच पस्तीस झालेत."

"चाळीस सेकंद फक्त."

ती हो म्हणाली, आणि सुई टेकली. आणि खरंच, त्या बंद खोलीत, धुळीच्या वासात, कुणीतरी दाराआडून डोकावलं, भुवई उचलली, 'छे, नसेल तसं' म्हणालं आणि निघून गेलं. क्लॅरिनेट होतं नुसतं. पण ती दाराकडे वळून पाहत राहिली.

"दिसलं ना?" तो म्हणाला.

"दिसलं," ती म्हणाली. दिवसभर नंबर लिहीत होती त्या काळ्या तबकड्यांत माणसं कोंडलेली आहेत, हे तिला आत्ता कळत होतं.

मंगळवारी तो म्हणाला, "आज माझा माणूस ऐकवतो." एक रेकॉर्ड लावली. "वाजायच्या आधी ऐका हं... आधी..."

सुईची खरखर. आणि मग, लाकडी जमिनीवर बूट आपटल्यासारखे, ठक... ठक... ठक. मग अकॉर्डियन.

"तीन ठोकेवाला," तो अगदी आदरानं म्हणाला. "आमच्यात त्याला तेच म्हणतात. आम्ही असे वेडे आठदहाजण आहोत, पत्रं लिहितो एकमेकांना. याचे साठएक तुकडे आम्ही ओळखलेत, सगळे ठोक्यांवरून. चारशे सतरा त्याचीच असणार, पैज लावतो. नाव मिळालं असतं ना... एकदा तरी, जिवंत असेल तर, पायावर डोकं ठेवून आलो असतो."

तिच्या मनात काहीतरी हललं, पण धरता येईना.

धरता आलं घरी. बाबा खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत होते. ती भाजी चिरत होती. "जेवायला बसायचं का मुंगे?" बाबांनी विचारलं, पेपर घडी केला, आणि उठायच्या आधी पाय आपटला. ठक, ठक, ठक.

सुरी तिच्या हातात तशीच राहिली.

कळायला लागल्यापासून ती हे ऐकत होती. खुर्चीतून उठताना तीन, कुलूप लावताना तीन, पहिला घास घ्यायच्या आधी टेबलाखाली तीन. बाबा कुठल्याशा स्टुडिओत बाजा वाजवायचे, रोजंदारीवर, एवढं तिला माहीत होतं. डबा घेऊन सकाळी आठला जायचे, जसं कुणी गिरणीत जावं. कुठे नाव नाही, फोटो नाही. अकॉर्डियन कधीच विकून टाकलेलं. आणि एक गोष्ट तिला पक्की माहीत होती: सेकंद मोजून वाजवणारा हा माणूस तिला शाळेतून आणायला मात्र रोज अर्धा तास उशिरा यायचा. आई ती चार वर्षांची असतानाच गेलेली. बाकीची पोरं घरी पोचलेली असायची, आणि ही आपली पाण्याची बाटली पोटाशी धरून फाटकात. तो राग अजून पुरता गेला नव्हता.

"बाबा, 'वाट पाहणे' म्हणून काही वाजवलंत तुम्ही कधी?"

"वाजवलं असेल. दिवसाला चौदा तुकडे काढायचो. गाणी थोडीच होती ती, माल होता. नावं कोण लक्षात ठेवतं?"

जगात पाय आपटणारी माणसं काय कमी असतात? तिनं चष्मेवाल्याला काही सांगितलं नाही. खात्री झाल्याशिवाय कशाला बिचाऱ्याला आशेला लावायचं.

---

बुधवारी त्यानं तिच्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या, न सांगता, स्वतःच्या रुमालानं.

"स्वतःच्या पुसा आधी," ती म्हणाली.

"माझ्या कशाला? मला हवं ते दिसतंय."

ती यादीत खाली बघून नंबर लिहायला लागली. तीन नंबर चुकले.

गुरुवारी दुपारी ती टिक केलेली कव्हरं खोक्यांत भरत होती. तीनशे अडतीस नंबरचं कव्हर उचललं तर जड लागलं. आत हात घातला. दोन रेकॉर्डी. एका कव्हरात दोन कशा? कव्हरावर तर तिचीच सोमवारची टिक होती. तिनं दुसरी बाहेर ओढली आणि उजेडात धरली.

चारशे सतरा. दुसरी बाजू, तीन: 'वाट पाहणे. हलके, प्रसन्न. एक मिनिट बावन्न सेकंद.'

प्लेअर तिथेच होता. रोज कुठे न्यायचा आणि आणायचा, म्हणून तो ठेवून जायचा. पाचला अजून दोन तास होते. तिनं दार लोटलं आणि सुई टेकवली.

ठक... ठक... ठक.

आणि ती फुलदाणी. पण आता पुरती, न कापलेली. किती सोपी चाल होती, आणि किती खोल जात होती. कुणाची तरी वाट बघण्यातही इतकं सुख असू शकतं, असं ती चाल म्हणत होती, आणि फाटकात उभ्या राहिलेल्या मुलीला ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. ती उभ्या उभ्या रडायला लागली. शेवटचा सूर थांबला. पुढे कापायचं राहून गेलं असावं, कारण सुई फिरतच राहिली... खुर्ची करकरली, भाता मिटल्याचा उसासा आला, आणि एक तरुण आवाज घाईघाईनं म्हणाला:

"झालं ना? मग सोडा हो आता. मुंगी फाटकात उभी असेल."

आणि पावलं. लाकडी जमिनीवरून धावत गेलेली पावलं, दाराचा आवाज, आणि मग जिन्यावरून खाली, खाली, ऐकू येईनाशी होईपर्यंत.

तिनं ते सहा वेळा ऐकलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते काही बरं नव्हतं. चारशे सतरा तिनं स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि किल्ली फिरवली. एकच बाहेर जाणार होती. त्याची अकरा वर्षं एकीकडे, आणि बाबांची ती धावती पावलं दुसरीकडे. फोनवर उतरवून घेता येतं, हे काय तिला कळत नव्हतं? पण बाबा त्या दिवशी ज्या खोलीतून पळाले, त्या खोलीतून ही तबकडी आली होती. ती तिला हवी होती. आणि... आता खोटं कशाला बोला... ती त्याला दिली की तो उद्यापासून पाचला येणार नव्हता.

पाचला तो आला. "काही सापडलं?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

गंमत म्हणजे तो मुळीच खट्टू झाला नाही. उलट हसला. "बरं. आज 'गर्दी पांगते' ऐकू या."

शुक्रवारी त्यांनी तपासायचं नाटकही केलं नाही. एकेका रेकॉर्डची दहा दहा सेकंदं लावत बसले, जाणाऱ्याला निरोप द्यावा तशी. बर्फाळ प्रदेश, नवे स्वयंपाकघर, धरणाचे दरवाजे उघडतात. दीड हजार दिवसांचं कष्टाचं काम, आणि एकाही कव्हरावर नाव नाही. तो म्हणाला, बाकीच्यांच्या प्रती जगात कुठे ना कुठे सापडतील, त्यांची काळजी नको. निघताना तो म्हणाला, "एक विचारू? मी तुम्हाला कसा वाटतो? म्हणजे... यादीत लिहायचं झालं तर?"

"शंका," ती म्हणाली. "पण गंभीर नाही."

"सेकंद?"

"ते उद्या सांगते."

रात्रभर तिला झोप आली नाही.

---

शनिवारी साडेचारलाच तो हजर. खोली खोक्यांनी भरलेली. तिनं खण उघडला, रेकॉर्ड काढली, आणि काही न बोलता त्याच्या दोन्ही हातांत दिली.

त्यानं नंबर वाचला. परत वाचला. खाली बसला, सुई ठेवली आणि डोळे मिटले. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, कुणी माणूस इतकं मनापासून ऐकत असेल तर त्याच्यासमोर खोटं बोलताच कामा नये. मिनिट बावन्न सेकंद तो श्वास घेत होता की नाही कोण जाणे. मग खुर्ची करकरली, भाता मिटला, आवाज आला, पावलं धावत गेली.

तो पुटपुटला, "आवाज... त्याचा आवाज आहे हा. आणि मुंगी... मुंगी कोण असेल हो?"

"मी," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"बाबा आहेत ते माझे. गुरुवारी सापडली मला. लपवून ठेवली. एकच नेता येणार होती, आणि मला... मला माफ करा."

त्यानं रेकॉर्ड प्लेअरवरून उचलली. धारेला धरून, अगदी अलगद, हिरव्या कागदात सरकवली आणि तिच्या हातात ठेवली.

"मग ही तुमचीच."

"आणि तुमची अकरा वर्षं?"

"मी ऐकली की." तो हसला. "मुंगीपर्यंत पोचली ना? त्याला त्या दिवशी तिथेच पोचायचं होतं."

समोर हा साधा माणूस, काचांवर ठसे असलेला, आणि अकरा वर्षांची तहान अशी उचलून देऊन टाकतो... पण तेवढ्यात तिला ते कव्हर आठवलं. जड लागलेलं.

"थांबा. ही मला तीनशे अडतीसमध्ये मिळाली. त्यावर माझी सोमवारची टिक होती. सोमवारी ही त्यात नव्हती."

चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला.

"नंतर कुणी ठेवली? या खोलीत तुम्ही नि मी सोडून कुणी येत नाही."

"मंगळवारी सापडली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सातशे बाराच्या पोटात. तुम्ही फोनवर होतात."

"आणि ऐकली?"

"नाही."

"अकरा वर्षं शोधलीत, हातात आली, प्लेअर समोर... आणि ऐकली नाहीत?"

"ऐकली असती तर तोंडावर लपलं नसतं हो. मग बुधवारी कुठल्या तोंडानं आलो असतो?" त्यानं चष्मा काढला. उघड्या डोळ्यांनी तो फारच वेगळा दिसत होता. "मला वाटलं, ती अकरा वर्षं थांबलीय, अजून चार दिवस थांबेल. तुम्ही थांबाल की नाही, ते ठाऊक नव्हतं."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. पाच वाजत आले होते. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या मनात एवढंच येत होतं, की आपल्यासाठी कुणी इतकं मोठं काही न ऐकता ठेवून दिलं. तिनं रेकॉर्ड पिशवीत घातली, प्लेअर त्याच्या हातात दिला.

"चला. पायावर डोकं ठेवायचं होतं ना तुम्हाला?"

---

बाबा खिडकीपाशी मटार सोलत होते. "हे कोण?"

"चष्म्याचं दुकान आहे यांचं."

"माझा नंबर वाढलाय का?"

चष्मेवाला पुढे आला. तो वाकला आणि खरंच पायावर डोकं ठेवलं. उजव्या, ठोके देणाऱ्या. बाबा गोंधळून मुलीकडे बघायला लागले. तिनं रेकॉर्ड लावली.

पहिल्या ठोक्यालाच बाबांचा हात मटारात थांबला. मान तिरकी करून ते ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, "इथे चुकलोय. करंगळी घसरलीय बघा." पुढे तो आवाज आला, पावलं आली, आणि बाबा अवघडून खिडकीबाहेर बघायला लागले.

"कापायला हवं होतं ते रेकॉर्डिंगवाल्यानं," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही पळत यायचात?"

"मग काय, चालत? तू उभी असायचीस ना." त्यांनी एक शेंग उचलली, तशीच परत ठेवली. "पाचला सुटका व्हायची आणि पाचलाच तुझी शाळा. दोन बस बदलून कितीही पळालं तरी अर्धा तास. कधी जमलंच नाही वेळेवर."

तिनं बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो सगळा जुना राग कुठे गेला, तिचं तिलाच कळलं नाही. चष्मेवाला भिंतीकडे तोंड करून काचा पुसत होता, पहिल्यांदाच.

थोड्या वेळानं बाबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "चहा टाकतो," ते म्हणाले. पाय तीनदा आपटला आणि उठून आत गेले. चष्मेवाला ते तीन ठोके ओठांतल्या ओठांत मोजत होता.

"रेकॉर्ड सापडली," तो हळूच म्हणाला. "माणूसही सापडला. आता मी कोणत्या निमित्तानं येऊ?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग चप्पल फरशीवर हलकेच आपटली. एक, दोन, तीन.

"उद्या ये," ती म्हणाली. "आणि वेळेवर ये. फार उभी राहिलेय मी फाटकात."

"पळत येतो," तो म्हणाला.